छंदाचा रकाना उसना भरू नका

बायोडाटाचा कागद भरताना नाव, पत्ता, शिक्षण, जन्मतारीख हे रकाने आपली मुले-मुली भराभर भरतात. शेवटच्या एका रकान्यापाशी मात्र हात थांबतो. तो रकाना छंदाचा, आवडीनिवडीचा. मग झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करून देणारा मुलगाच विचारतो, "टाकून देऊ का नेहमीचे?" आणि त्याच्या संगणकात पडून असलेल्या तयार नमुन्यातून तीन गोष्टी खाली उतरतात : रीडिंग, लिसनिंग म्युझिक, ट्रॅव्हलिंग. नगर शहरापासून जामखेड, पाथर्डी, अकोल्यापर्यंत कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, बायोडाटात हेच तीन छंद सापडतील. ज्या मुलाने आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीच्या टोळीतून साखर कारखान्यावर जाण्यासाठी केला, त्याच्याही कागदावर 'प्रवास' हा छंद असतो.

वाचकहो, हा विषय वरवर किरकोळ वाटेल. पोटाला भाकरी आणि हाताला काम मिळवण्याच्या खटाटोपात छंदाची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते हा रकाना आपल्या मुलांच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त विचाराने भरला पाहिजे. त्याची कारणे आणि तो कसा भरावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

हा रकाना दिसतो तितका साधा नाही

शिक्षणाच्या रकान्यात गुण असतात. गुणांना जात नसते, निदान कागदावर तरी नसते. छंदाच्या रकान्यात मात्र माणसाचे घर डोकावते. कोणाच्या घरी पियानो होता, कोण उन्हाळ्यात पोहण्याच्या वर्गाला जात होता आणि कोण उन्हाळ्यात वीटभट्टीवर विटा वाहत होता, हे या एका ओळीवरून समोरचा माणूस ताडतो.

अमेरिकेत याची तपासणी झाली आहे. लॉरेन रिवेरा आणि अँड्रास टिल्चिक या दोन अभ्यासकांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या नावाने बनावट बायोडाटे तयार केले आणि १४ शहरांतील मोठ्या वकिली संस्थांच्या ३१६ कार्यालयांना पाठवले. शिक्षण तेच, गुण तेच, अनुभव तोच. फरक केला तो आडनाव, छंद, खेळ आणि शिष्यवृत्ती अशा बारीकसारीक खुणांत. एका पुरुष उमेदवाराच्या कागदावर शिडाची होडी चालवणे, पोलो आणि अभिजात संगीत अशा श्रीमंत घरच्या आवडी होत्या. दुसऱ्याच्या कागदावर धावणे, मैदानावरचा फुटबॉल आणि तिकडचे ग्रामीण गाणे. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की पहिल्या प्रकारच्या पुरुषांपैकी सुमारे १६ टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले आणि दुसऱ्या प्रकारच्या पुरुषांपैकी जेमतेम सव्वा टक्क्याला. वकिली येण्याचा आणि होडी चालवण्याचा काही संबंध नाही. पण निवडणाऱ्यांना त्या होडीत आपल्यासारखा माणूस बसलेला दिसला.

आपल्या देशात छंदांची अशी तपासणी झाल्याचे आमच्या वाचनात नाही, पण आडनावांची झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषवलेले डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनावे वेगळी. उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता १०० धरली, तर तितक्याच शिकलेल्या दलित आडनावाच्या अर्जाची शक्यता ६७ निघाली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांनी उमेदवाराची घरची पार्श्वभूमी आपण पाहतो, असे उघडपणे सांगितले होते.

म्हणजे मुलाखतीत हसतमुखाने विचारलेला "हॉबीज काय तुमच्या?" हा प्रश्न पुष्कळदा "घर कसले तुमचे?" या प्रश्नाचा धाकटा भाऊ असतो. प्रत्येक वेळी तसेच असते असे आम्ही म्हणत नाही. अनेक अधिकारी केवळ घाबरलेल्या उमेदवाराला बोलते करण्यासाठी हा प्रश्न विचारतात. पण दोन्ही प्रसंगी आपल्या मुलाजवळ खरे आणि नेमके उत्तर तयार हवे.

मग श्रीमंतांचे छंद लिहावेत काय?

काही हुशार मंडळी म्हणतील, असे असेल तर आपणही टेनिस, फोटोग्राफी, ट्रेकिंग लिहून मोकळे व्हावे. आमचा या सल्ल्याला स्पष्ट विरोध आहे. त्यात नीतीचा प्रश्न आहेच, पण निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही तो सल्ला घातक आहे.

खोटा छंद पहिल्या प्रश्नाला टिकतो, दुसऱ्या प्रश्नाला कोसळतो. "वाचन आवडते? छान. सध्या काय वाचता?" येथपर्यंत कसेबसे निभावते. "त्यातले काय पटले नाही?" या प्रश्नाला मुलगा खाली पाहू लागतो. एकदा छंदात खोटेपणा सापडला की समोरचा माणूस पदविकेकडेही संशयाने पाहतो. दहा गुणांच्या लोभापायी नव्वद गुणांवर पाणी पडते.

याच संदर्भात आपल्या तरुणांच्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आपल्याला माहीत आहे. दादरच्या राजगृहात त्यांनी ग्रंथांसाठी जागा केली आणि उतारवयातही व्हायोलिन शिकण्याची हौस बाळगली. त्यांच्या ओढीने आपली मुले 'वाचन : डॉ. आंबेडकरांचे साहित्य' असे अभिमानाने लिहितात. अभिमान योग्यच आहे. परंतु महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढत आले आहे, त्यातला एकही हाताळलेला नसेल, तर ती ओळ लिहू नये. एखादे छोटे पुस्तक का होईना, पूर्ण वाचावे, त्यावर दोन मिनिटे बोलता यावे आणि मग त्या पुस्तकाचे नाव घालून लिहावे.

आवड असणे आणि आवडीची जाण असणे यांत फरक आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण नगरच्या भुईकोट किल्ल्यात घडले. १९४२ च्या चळवळीत काँग्रेसचे नेते या किल्ल्यात स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी येथेच १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि फावल्या वेळात माती खणून फुलांचे वाफेही केले. त्यांच्यासोबत असलेल्या मौलाना आझादांना चहाची आवड होती. आता चहा कोणाला आवडत नाही? पण मौलानांनी तुरुंगात लिहिलेल्या पत्रांत, 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात, आपल्या चिनी चहाविषयी पानेच्या पाने लिहिली आहेत. तो कोणत्या जातीचा, त्याचा रंग कसा, त्यात दूध घालणाऱ्यांवर आपला राग का, हे सारे त्यांनी सांगितले आहे. ते वाचून कोणीही ओळखेल की या माणसाला चहा खरोखर कळतो. छंद महाग असावा लागत नाही. तो कळलेला असावा लागतो.

आपल्या घरात छंद नाहीत काय?

"आमच्या पोराला कसला छंद? काम आणि घर, घर आणि काम," असे आपले आई-वडील सहज म्हणून जातात. वस्तुतः आपल्या वस्त्यांत छंदांची वाण नाही. फक्त त्यांना छंद हे नाव कोणी दिलेले नाही.

गायन पार्टीच घ्या. वामनदादा कर्डकांनी गिरणीत काम करीत गाणी लिहिली. त्यांचे शिष्य दादू साळवे आपल्या नगरच्या नालेगावचे. त्यांनी ती गाणी गावोगाव नेली. आजही अनेक गावांत आठ-दहा पोरांची गायन पार्टी असते. कोणी हार्मोनियम वाजवतो, कोणी ढोलकी, कोणी कोरसमध्ये उभा राहतो. गाडी ठरवणे, माईकवाल्याशी बोलणे, रात्री दोनला कार्यक्रम संपवून सकाळी सातला कामावर हजर होणे, हे सारे त्यात आले. पण बायोडाटात लिहिताना तो मुलगा लिहितो, 'लिसनिंग म्युझिक'. जो वाजवतो तो ऐकण्याचा छंद लिहितो, याला काय म्हणावे?

जयंती उत्सव समितीचा हिशेब ठेवणारा मुलगा पावतीपुस्तके सांभाळतो, वर्गणी गोळा करतो, मांडववाल्याची रक्कम घासाघीस करून ठरवतो आणि शेवटी जमा-खर्च साऱ्या वस्तीसमोर वाचून दाखवतो. ज्याने हे केले आहे त्यालाच माहीत की दहा रुपयांचा फरक आला तर वस्ती कशी धारेवर धरते. कबड्डी आहे, लेझीम आहे, कुस्ती आहे, बुद्धिबळ आहे. कोणी जुने मोबाइल उघडून दुरुस्त करतो. कोणी घरच्या मोटारसायकलचे ऑइल, चेन, ब्रेक स्वतः पाहतो. कोणी रोज सायंकाळी विहारात लहान मुलांची गणिते घेतो. कोणी शेळीच्या आजारावर औषध सांगतो.

यावर कोणी म्हणेल, या गोष्टींना कोण विचारतो? आमच्याच जिल्ह्यातले उत्तर द्यावेसे वाटते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांना गावरान बियाणे जपण्याची आवड होती. घेवडा, वाल, भात, भाजीपाला, जे जे जुने वाण संपत चालले होते, ते त्या राखेत घोळून, मडक्यात ठेवून जपत राहिल्या. पुढे बाएफ संस्थेच्या मदतीने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. २०१८ साली बीबीसीने जगातील १०० महिलांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 'शेतीची आवड' एवढेच सांगणाऱ्या बाया-माणसांची या जिल्ह्यात कमतरता नाही. राहीबाईंना कोणते बी कोणत्या मातीत, कधी आणि कसे लावायचे हे ठाऊक होते. त्या तपशिलाला किंमत आली.

प्रत्येकाला पद्मश्री मिळणार नाही, हे आम्हांलाही कळते. पण राहीबाईंचे उदाहरण एवढे नक्की सांगते की घरातल्या जाणकारीला स्वतः घरच्यांनी आधी मोल दिले पाहिजे.

मजुरीला छंद म्हणू नका

येथे एक सावधगिरी हवी. आपल्या मुलांनी पोटासाठी केलेले काम छंदात घालू नये. नगर आणि संगमनेरच्या कितीतरी घरांत मुलींनी आईबरोबर विड्या वळल्या आहेत. सुट्टीत मुलांनी वायरमनच्या हाताखाली काम केले आहे, लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून राबली आहेत, किराणा दुकानात माल मोजला आहे. हा छंद नव्हे. हा अनुभव आहे आणि त्याची जागा बायोडाटात छंदाच्या वर, 'अनुभव' या रकान्यात आहे.

आपली मुले नेमके उलटे करतात. अनुभवाच्या रकान्यात 'निरंक' लिहितात, कारण कंपनीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही. मग छंदात तीन खोटे शब्द भरतात. 'किराणा दुकानात विक्री मदतनीस, दोन उन्हाळे, रोजची रोकड जुळवणे' ही ओळ अनुभवाची आहे आणि ती खरी आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. दुकानदाराचे नाव विचारले तर सांगता येते, हीच तिची खूण.

मुलींचा रकाना

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी. मुलगा क्रिकेट खेळला तर तो छंद. मुलीने शिवणयंत्रावर दहा ब्लाउज शिवले तर ते घरकाम. तिला विचारले तर ती म्हणते, "मला काही छंद नाही." तिच्याकडे मोकळा वेळ नव्हता हे खरे, पण हातात कसब आले आहे हेही तितकेच खरे.

फॉल-पिको, ब्लाउज शिवणे, गोधडीवर नक्षी काढणे, रांगोळी, बचत गटाच्या वहीत आईला हिशेब लिहून देणे, विहारातील कार्यक्रमाला दोनशे माणसांच्या जेवणाचे सामान काढून देणे, या साऱ्यांत मोजमाप, वेळ आणि जबाबदारी आहे. दोनशे माणसांना किती किलो तांदूळ आणि किती तेल लागेल हे जिला बरोबर सांगता येते, तिला रुग्णालयाच्या भांडारातले किंवा कारखान्याच्या स्टोअरमधले काम सांगण्यास हरकत काय? मात्र ती आवड तिची स्वतःची असावी. आईने सांगितले म्हणून भांडी घासणे हा छंद नव्हे. घरच्यांनी मुलीला आठवड्यातले चार तास तरी तिच्या आवडीसाठी मोकळे द्यावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. मुलांना आपण ते तास न मागता देतो.

नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा यांची सरमिसळही आपल्याकडे फार होते. वर्ण, उंची, मामाचे गाव, वडिलांची जमीन हे लग्नाच्या कागदावर ठीक. खासगी नोकरीच्या कागदावर ते नको. 'स्वयंपाकाची आवड' ही ओळ लग्नाच्या कागदातून नोकरीच्या कागदात आपोआप उतरू नये. उपाहारगृहाच्या नोकरीसाठी अर्ज असेल तर ती नेमकी करून लिहावी.

ओळ कशी लिहावी

आता प्रत्यक्ष लिखाणाकडे वळू. एक किंवा दोन छंद पुरेत, फार तर तीन. कागदाच्या शेवटी, प्रत्येकी एक ओळ. ओळीत तीन गोष्टी याव्यात : नेमके काय करतो, किती काळ किंवा किती वेळा, आणि त्यात आपली जबाबदारी काय. विशेषणे नकोत. 'अत्यंत आवड', 'विशेष प्राविण्य' अशा शब्दांनी काही सिद्ध होत नाही. आम्ही काही नमुने देतो. ते जसेच्या तसे उतरवू नयेत, नाहीतर दुकानातल्या तयार नमुन्यासारखी त्यांचीही गत होईल.

'संगीत' याऐवजी : हार्मोनियम वादन, आठ जणांच्या गायन पार्टीत ४ वर्षे, वर्षाला सुमारे १५ कार्यक्रम.

'क्रिकेट, कबड्डी' याऐवजी : कबड्डी, महाविद्यालयाच्या संघात ३ वर्षे, डावा कोपरारक्षक.

'समाजसेवा' याऐवजी : वस्तीच्या उत्सव समितीचा जमा-खर्च २ वर्षे सांभाळला आणि सभेत सादर केला.

'वाचन' याऐवजी : आत्मचरित्रांचे वाचन, गावच्या वाचनालयाचा सभासद, या वर्षी ९ पुस्तके.

'शिवणकाम' याऐवजी : ब्लाउज व फॉल-पिको, महिन्याला १० ते १२ नग, मापे स्वतः घेते.

'मोबाइल' याऐवजी : बंद पडलेले फोन उघडून डिस्प्ले व बॅटरी बदलणे, वस्तीतील सुमारे ३० फोन दुरुस्त केले.

आकडा खरा असावा. पंधरा कार्यक्रम नसतील, सहाच असतील, तर सहा लिहावेत. सहाचाही मान आहे.

ज्या कामासाठी अर्ज आहे त्याकडे पाहून छंद निवडावा. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी नागापूर किंवा सुपे एमआयडीसीत अर्ज करणाऱ्या आयटीआयच्या मुलाने मोटारसायकल दुरुस्ती आधी लिहावी, हार्मोनियम नंतर. विक्रीच्या कामाला गायन पार्टी आधी, कारण चार लोकांसमोर उभे राहण्याची भीती गेलेली असते. हिशेबाच्या कामाला जमा-खर्चाची ओळ आधी. टीव्ही पाहणे, रील पाहणे, मित्रांसोबत फिरणे हे लिहूच नये. आणि बायोडाटा इंग्रजीत करून घेतला असेल, तर त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ टायपिंग करणाऱ्याकडून समजून घेतल्याशिवाय दुकानातून उठू नये. आपल्या नावाच्या कागदावर काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नसणे, ही आपल्या आजोबांची अंगठ्याच्या काळातली स्थिती होती. ती पुन्हा नको.

कोठे उपयोग, कोठे नाही

सगळ्याच नोकऱ्यांत या ओळीला वजन नाही, हेही सांगितले पाहिजे, म्हणजे उगाच भ्रम राहणार नाही. केंद्र सरकारच्या गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब'च्या अराजपत्रित पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत बंद झाली आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरती मैदानी आणि लेखी परीक्षेच्या गुणांवर होते. तेथे छंद विचारणारा कोणी नाही. तेथे मैदान आणि अभ्यास यांवरच जोर द्यावा.

मात्र खेळाला शासनाच्या भरतीत स्वतंत्र स्थान आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी शासनाने ठरवलेल्या दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरी आणि क्रीडा खात्याकडून पडताळलेले प्रमाणपत्र लागते. गल्लीतल्या स्पर्धेची ढाल तेथे चालत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी खरोखर चांगली खेळत असेल, तर शाळेत असतानाच अधिकृत स्पर्धेत उतरवावे आणि प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावे. एनसीसीच्या प्रमाणपत्रालाही सैन्यभरतीत मोल आहे.

वरच्या पदांसाठी मात्र छंदाची ओळ खरीच बोलते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला २७५ गुण असतात आणि मुख्य परीक्षेच्या वेळी भरून घेतलेल्या सविस्तर अर्जात छंद लिहावे लागतात. मुलाखत मंडळापुढे तोच अर्ज असतो. सैन्यात अधिकारी होण्यासाठी निवड मंडळापुढे जाणाऱ्या उमेदवाराकडूनही छंद आणि खेळ यांची माहिती लिहून घेतात. नगरला आर्मर्ड कोरचे केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने आपल्या मुलांना गणवेशाची ओढ लहानपणापासून असते. शिपाईपदावर न थांबता अधिकारीपदाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ओळख लिहावी की लपवावी?

आता सर्वांत अवघड प्रश्न. 'भीमगीत गायन', 'जयंती उत्सव समिती', 'विहारातील अभ्यासवर्ग' असे शब्द लिहिले की समाज कळतो. खासगी कंपनीत त्यामुळे कागद बाजूला पडेल काय? यावर आपल्या घरांत दोन मते आहेत. वडील म्हणतात, "नोकरी लागू दे, मग काय गायचे ते गा." मुलगा म्हणतो, "जी गोष्ट मान वर करून केली ती मान खाली घालून का लिहू?"

आम्ही दोघांपैकी कोणालाही चूक म्हणणार नाही. वर दिलेले ६७ आणि १०० चे आकडे वडिलांच्या भीतीला आधार देतात. ती भीती त्यांच्या अनुभवातून आलेली आहे, भित्रेपणातून नव्हे. आणि मुलाचे म्हणणे स्वाभिमानाचे आहे. आमचे मत असे की निर्णय ज्याचा कागद आहे त्याचा असावा. बायोडाटात काम लिहायचे असते. 'आठ जणांच्या गायन पार्टीत हार्मोनियम' ही ओळ पूर्ण खरी आहे. तीत काही लपवलेले नाही आणि जाहीरही केलेले नाही. ज्याला पुढे 'भीमगीते' हा शब्द घालावासा वाटतो त्याने तो जरूर घालावा. ज्याला नको वाटतो त्याला समाजद्रोही ठरवू नये. फक्त एक पथ्य पाळावे : मुलाखतीत कोणी विचारले, "कोणती गाणी म्हणता?" तर खरे उत्तर द्यावे आणि ते सरळ समोर पाहून द्यावे. न लिहिणे ही निवड आहे. विचारल्यावर नाकारणे हे मात्र स्वतःलाच नाकारणे होईल.

आणि ज्या कंपनीत त्या उत्तराने चेहरे बदलतात, तेथे दोष मुलाच्या छंदात नाही, हेही घरच्यांनी त्याला त्या संध्याकाळी सांगावे. नकार घेऊन आलेल्या मुलाला "तूच काहीतरी बोलला असशील" असे म्हणू नये.

घरच्या घरी सराव

शेवटी आई-वडिलांसाठी. आपण शिकलेले नसलो तरी हा सराव घरात घेता येतो. मुलाने छंदाची ओळ लिहिली की त्याला पाच प्रश्न विचारावेत. हे कधीपासून करतोस? कोणाकडून शिकलास? आजवर किती वेळा केलेस? चुकले तेव्हा काय केलेस? आता पुढे काय शिकायचे आहे? पाचही उत्तरे अडखळल्याशिवाय आली, तर ओळ ठेवावी. दोन प्रश्नांतच गाडी अडली, तर ती ओळ खोडून दुसरी शोधावी. एकही ओळ पाच प्रश्नांना टिकली नाही तर तो रकानाच काढून टाकावा. बायोडाटात छंद असलेच पाहिजेत असा कायदा नाही. रिकामा रकाना खोट्या रकान्यापेक्षा केव्हाही बरा.

पण आम्हांला खात्री आहे की बहुतेक घरांत एक तरी ओळ टिकेल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर विशेष ऐकावे. भर कार्यक्रमात माईक बंद पडला, हिशेबात दीडशे रुपये कमी आले, ब्लाउजचा गळा चुकला, तेव्हा या पोराने किंवा पोरीने काय केले, हे पुष्कळदा आई-वडिलांनाही ठाऊक नसते. आणि काम देणाऱ्याला नेमके तेच ऐकायचे असते.

समाजातील जे बंधू-भगिनी आज बँकेत, शाळेत, कचेरीत, कारखान्यात स्थिरावले आहेत, त्यांनीही महिन्यातला एक रविवार यासाठी द्यावा. विहारात वंदना झाल्यावर पाच-दहा मुला-मुलींचे बायोडाटे समोर घ्यावेत, टेबलापलीकडे बसून त्यांना उलटसुलट प्रश्न विचारावेत. आणि ज्यांच्यावर उद्या माणसे निवडण्याची जबाबदारी येईल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की समोरच्याच्या कागदावर आपल्यासारखी आवड शोधायची नसते. त्याने जे केले आहे ते मन लावून केले आहे का, एवढेच पाहायचे असते.